ह्युमन सेंटर्ड डिझाइनवरची युनिव्हर्सिटी लेक्चर्स: कोणी ऐकतं का? इथे बोलूया

कागदी_विमान (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. हल्ली प्रवासात गाणी सोडून युनिव्हर्सिट्यांमधली ह्युमन सेंटर्ड डिझाइनवरची, म्हणजे वस्तू वापरणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवून ती कशी घडवायची यावरची, लेक्चर्स ऐकायला लागलोय, आणि डोक्यात इतकं साठलंय की कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा. बरीचशी यूट्यूबवर फुकट आहेत. स्टॅनफर्डचा एक जुना सेमिनार आहे, टेरी विनोग्राड यांनी तो वर्षानुवर्षं चालवला, नावात कॉम्प्युटर आहे पण बोलायला येणारी माणसं नुसती सॉफ्टवेअरवाली नसतात. विनोग्राड म्हणजे तेच, ज्यांनी १९७० च्या आसपास एमआयटीत असताना साध्या इंग्रजीत सांगितलं की पडद्यावरचे ठोकळे हलवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. एआयमधला एवढा मोठा माणूस पुढे यंत्र हुशार करायचं सोडून माणसाचं यंत्राशी कसं जमतं याच्या मागे लागला, हे मला फार विशेष वाटतं.

तर मुद्दा असा की क्षेत्र कुठलंही असो, विमान, हॉस्पिटल, निवडणूक, कारखाना, जे लेक्चर खरोखर चांगलं असतं त्यातला वक्ता कामाच्या जागी जाऊन बसलेला असतो आणि काही बिघडलं की "माणूस चुकला" इथे थांबत नाही, तिथून पुढे विचारायला लागतो.

उदाहरण देतो. २८ मार्च १९७९, पहाटे चारच्या सुमारास, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. प्रेशर कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि परत बंदच झाला नाही. पॅनलवर त्याचा दिवा होता, तो विझला, ऑपरेटरना वाटलं झाला व्हॉल्व्ह बंद. पण त्या दिव्याला व्हॉल्व्हची काही खबरच नव्हती, "बंद हो" असा आदेश गेला की तो विझायचा, बस्स. आदेश पाळला गेला का हे तो सांगतच नव्हता. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी दोन तासांच्या वर निसटत राहिलं, वर शंभराहून जास्त अलार्म एकदम कोकलत होते, आणि शेवटी अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. सुरुवातीला सगळा ठपका ऑपरेटरवर. डॉन नॉर्मन हे मानसशास्त्राचे प्राध्यापक, ती कंट्रोल रूम तपासायला बोलावलेल्यांमध्ये होते, ते सांगतात की ऑपरेटर चांगले हुशार होते पण ती खोलीच अशी होती की मुद्दाम चुका व्हाव्यात म्हणून बांधायची ठरवली असती तरी यापेक्षा जास्त जमलं नसतं.

तुम्ही काय ऐकलंय, काय आवडलं, काय पटलं नाही, सगळं लिहा. आणि प्लीज फक्त आयटीवाल्यांनीच नाही, सगळ्यांनी लिहा.

चाकोरी_बाहेर:

मस्त धागा. विमानाचं मी लिहितो कारण माझा तो आवडीचा विषय. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) वर घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचा, विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. एकदा दोनदा नाही, वारंवार. अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं तर दोन्हीचे स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला हाताला अगदी सारखे. आणि सी-४७ विमानात तो प्रकारच होत नव्हता कारण तिथे मांडणी वेगळी होती. म्हणजे पायलट तेच, ट्रेनिंग तेच, थकवाही तोच, पण चूक एका विमानात होते आणि दुसऱ्यात होत नाही. त्याने काय केलं तर चाकांच्या लिव्हरला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या लिव्हरला पाचरीसारखा तुकडा. अंधारात नुसत्या स्पर्शाने कळायला लागलं. आजही प्रवासी विमानांच्या नियमांत या दोन नॉबचे आकार ठरवून दिलेले आहेत, एक चाकासारखा आणि एक पंखाच्या छेदासारखा.

रात्रपाळी:

मी आयसीयूत नर्स आहे. मी लेक्चर वगैरे ऐकलेली नाहीत पण त्या दिव्याबद्दल वाचलं आणि लिहावंसंच वाटलं. आमच्याकडे इन्फ्युजन पंप असतात, औषध तासाला किती मिली जायचं ते त्यात टाकायचं. एका पेशंटला कधी कधी सहा सात पंप एकावर एक रचलेले, सगळे एका रंगाचे, सगळ्या ट्यूब पारदर्शक, खाली उतरून एकमेकींत गुंतलेल्या. कुठली ट्यूब कुठल्या औषधाची हे पंपावरून हात फिरवत खाली पेशंटपर्यंत यायचं तेव्हा कळतं. म्हणून आम्ही काय करतो, मायक्रोपोरची पट्टी फाडायची, तिच्यावर मार्करने औषधाचं नाव लिहायचं आणि ट्यूबवर दोन ठिकाणी चिकटवायची, एकदा पंपापाशी आणि एकदा पेशंटपाशी. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, सीनिअर सिस्टर करतात ते बघून नवीन मुली करतात.

मध्यंतरी नवीन पंप आले, कंपनीचा माणूस ट्रेनिंगला आला, तास दीड तास मेन्यू दाखवत होता. समोरच्या जुन्या पंपावर त्या पट्ट्या लटकत होत्या आणि त्याने एकदाही विचारलं नाही की हे काय आहे. मला त्याचा राग नाही, त्याला ते दिसलंच नाही. पण नवीन पंपावर नाव लिहायला चिकटवायला जागाच नाहीये, सगळा पुढचा भाग स्क्रीन.

कागदी_विमान:

रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे एक अख्खं लेक्चर आहे, खरंच. पंपांवर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्ये मोठी मोहीम काढली होती, २००५ ते २००९ या पाच वर्षांत त्यांच्याकडे पंपांशी संबंधित जवळपास ५६ हजार तक्रारी आल्या होत्या, त्यात मृत्यूही होते. आणि त्यातला एक दोष असा की बटण एकदा दाबलं तरी पंप ते दोनदा धरायचा, म्हणजे ५ दाबला की ५५. आता रात्री तीन वाजता हे झालं तर चौकशीत नर्सचंच नाव येणार ना. हॅरोल्ड थिंबलबी म्हणून वेल्समधल्या स्वॉन्झी युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक आहेत, त्यांनी फक्त आकडे कसे टाकले जातात यावर किती तरी वर्षं काम केलंय. दशांश चिन्ह दोनदा दाबलं तर यंत्राने काय करावं असल्या प्रश्नांवर ते तासभर बोलू शकतात आणि आपण ऐकत राहतो.

सरळ_रेघ:

थोडा विरोधी सूर लावतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमच्याकडे या ह्युमन सेंटर्डच्या नावाखाली दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, "युजरच्या भूमिकेत शिरा" म्हणतात, आणि खरा युजर त्या खोलीत एकही नसतो. सोमवारी सगळं पूर्ववत. युनिव्हर्सिटीतली लेक्चर्स पण मला बरीचशी तशीच वाटली, आधी एक डोळ्यात पाणी आणणारी गोष्ट, मग एक देखणी वस्तू, मग टाळ्या. त्या वस्तूचं पाच वर्षांनी काय झालं हे कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक वेळी दोष यंत्राचाच कसा? काही वेळा माणसाला नीट शिकवायला हवं हेही खरं आहे की. लोकांना आपल्याला काय हवंय हे पुष्कळदा सांगता येत नाही, मग त्यांना विचारून काय मिळणार?

पाटी_पेन्सिल:

सरळ_रेघ, चिठ्ठ्यांबद्दल शंभर टक्के सहमत, शिकवण्याबद्दल नाही. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीच्या नव्या मोठ्या कॉपिअरबद्दल तक्रारी येत होत्या की वापरायला अवघड आहे. सचमननी दोन माणसांना कागद देऊन त्या मशीनपुढे उभं केलं आणि व्हिडिओ काढला. दोघं बिचारे मशीनशी झगडताहेत, हे काय म्हणतंय, आता काय करायचं. आणि ते दोघं कोण, तर एक अ‍ॅलन न्यूवेल, एआय या विषयाच्या जन्मदात्यांपैकी एक, आणि दुसरे रॉन कॅप्लन, नावाजलेले भाषा-संगणक शास्त्रज्ञ. आता यांना आणखी काय शिकवणार? तो व्हिडिओ बघितल्यावर कंपनीत "लोकांना समजत नाही" म्हणायची सोय राहिली नाही.

आणि सचमनबाईंनी त्यांना "तुम्हाला काय हवंय" असं विचारलंच नव्हतं बरं का. त्यांनी दोघांना एकत्र उभं केलं म्हणजे ते आपसात बोलतील, आणि ते बोलणं टिपलं. एका बाजूला माणसं काय बोलतात करतात, दुसऱ्या बाजूला त्याच क्षणी मशीनला त्यातलं किती कळतंय, असे रकाने पाडून मांडलं. मशीनला फक्त बटण दाबलं, झाकण उघडलं एवढंच कळत होतं, बाकी सगळा गोंधळ त्याच्या लेखी घडलेलाच नव्हता. मला वाटतं लोकांना सांगता येत नाही या तुमच्या मुद्द्याला हे उत्तर आहे, सांगता येत नसेल तर करताना बघा.

सरळ_रेघ:

हे माहीत नव्हतं. पटलं. पण बघणारा आणि ठरवणारा वेगळा असला तर बघून उपयोग काय हा माझा मूळ प्रश्न आहे तसाच आहे.

पाटी_पेन्सिल:

हो, तो प्रश्न खरा आहे आणि त्यावर स्कॅन्डिनेव्हियातल्या लोकांनी सगळ्यात प्रामाणिक काम केलंय असं माझं मत. १९७० च्या दशकात नॉर्वेत क्रिस्टन न्यूगार्ड, जे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या प्रोग्रॅम लिहायच्या पद्धतीच्या जनकांपैकी, ते लोहकामगारांच्या युनियनबरोबर बसले, की कारखान्यात कॉम्प्युटर येणार तर त्याबद्दल कामगारांना नुसतं कळवायचं नाही, त्यांना बोलायचा हक्क हवा. मग १९८१ पासून युटोपिया प्रोजेक्ट, स्वीडन डेन्मार्कमधले संशोधक आणि वर्तमानपत्रांच्या छपाईतले कामगार एकत्र. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायचं काम संपून कॉम्प्युटर येणार होता. लेझर प्रिंटर तेव्हा त्यांनी पाहिलेलाही नव्हता, तर यांनी काय केलं, एक पुठ्ठ्याचं खोकं आणून त्यावर लेझर प्रिंटर असं लिहिलं आणि टेबलावर ठेवलं, आणि कामगारांना म्हणाले आता रोजच्यासारखं पान लावा. मग खोकं इथे नको तिथे हवं, या माणसाला पडदा दिसत नाही, इथे दोघं उभे राहायला जागा नाही, हे सगळं आपोआप बाहेर आलं. पुठ्ठ्याचा फायदा असा की कोणालाही तो कापायला हरकत वाटत नाही, चालू प्रोग्रॅमला हात लावायला माणूस घाबरतो.

लेक्चरांत आजकाल सहभाग, सहभाग खूप ऐकू येतं पण त्याच्या मुळाशी युनियन होती हे कोणी सांगत नाही, त्याची मला खंत आहे.

मध्यबिंदू:

इंजिनिअरिंगला आहे, छोटा प्रतिसाद. "सरासरी माणूस" या विषयावर कुठलंही लेक्चर मिळालं तर नक्की ऐका. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलाने चार हजारांवर पायलटांची मापं घेतली, गिल्बर्ट डॅनिअल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडून पाहिलं की सगळ्यांत सरासरीच्या आसपास बसणारे किती. ४,०६३ पैकी शून्य. एकही नाही. मग सीट, पेडल, पट्टे सगळं मागेपुढे सरकणारं करायची पद्धत आली, आपल्या गाडीत सीट सरकते त्याला हेच तर्कशास्त्र.

आणि तरीही गाड्यांच्या क्रॅश टेस्टमधला नेहमीचा पुतळा अनेक दशकं मध्यम बांध्याच्या पुरुषाचाच. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचा २०१९ चा अभ्यास आहे, समोरासमोरच्या टकरीत सीटबेल्ट लावलेल्या स्त्रीला गंभीर इजा व्हायची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तेच, २०२० चा अभ्यास, रक्तातला ऑक्सिजन धोकादायक कमी असताना यंत्र ठीक दाखवतंय असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा झालं.

रात्रपाळी:

ऑक्सिमीटरचं वाचून धस्स झालं. आम्ही दिवसभर त्याच आकड्यावर निर्णय घेतो.

भूल_आणि_जाग:

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधीच्या चेकलिस्टबद्दल लिहिते, कारण सरळ_रेघ म्हणतात ते "पाच वर्षांनी काय झालं" इथे चांगलं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी, आठ देशांतली आठ हॉस्पिटलं, निकाल जानेवारी २००९ मध्ये छापून आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर. सगळीकडे डंका वाजला. सर्जन आणि लेखक अतुल गवांदे यांची त्यावरची भाषणं सगळ्यांनी ऐकलीच असतील.

पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ती सगळ्या हॉस्पिटलांना लागू केली, २०१४ मध्ये १०१ हॉस्पिटलांचे आकडे आले, मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. यादी तीच. मला यात कोडं वाटत नाही कारण मी दोन्ही प्रकार ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पाहिलेत. एका ठिकाणी सर्जन चाकू हातात घ्यायच्या आधी सगळे खरंच थांबतात, प्रत्येक जण नाव सांगतो, ओटीतली सगळ्यात ज्युनिअर मुलगी म्हणू शकते सर अँटिबायोटिक अजून गेलेलं नाही, आणि सर थांबतात. दुसऱ्या ठिकाणी तोच कागद ऑपरेशन संपल्यावर एका हाताने भरभर टिक करून फाइलला लागतो. त्या पहिल्या आठ हॉस्पिटलांत यादी आपल्या पद्धतीप्रमाणे बसवून घ्यायला, लोकांना समजावायला वेळ दिला होता. वरून फतवा निघाला की कागद पोचतो, थांबणं पोचत नाही. म्हणून माझं म्हणणं, चेकलिस्टवर लेक्चर ऐकायचं असेल तर ज्यात ऑन्टारिओचा उल्लेख आहे तेच ऐका.

सरळ_रेघ:

हे असलं लेक्चर हवं होतं मला. फसलेल्या गोष्टी सांगणारं. अजून कोणाकडे आहेत का?

गावकुसाबाहेर:

आहे की. मी पाण्याच्या कामात आहे, आमच्या क्षेत्रात प्लेपंप प्रसिद्ध आहे. मुलांचं गोल फिरायचं चक्र, ते फिरलं की खालून पाणी उपसून टाकीत. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना, दिसायला इतकी गोड की २००६ मध्ये लाखो डॉलरच्या देणग्या जाहीर झाल्या. प्रत्यक्षात मुलांचं चक्र फिरतं ते एकदा जोर लावला की आपोआप फिरत राहतं म्हणून मजा येते, याला पाणी ओढायचं असल्यामुळे सतत जोर लावायला लागायचा, मुलं दमून सोडून द्यायची आणि मग बायका, म्हाताऱ्या बायका सुद्धा, वाकून ते चक्र हाताने ढकलत बसायच्या. साधा हातपंप काढून तिथे हे बसवलेलं, म्हणजे परत जायचीही सोय नाही. एका वर्तमानपत्राने हिशोब केला की जेवढ्या लोकांना पाणी द्यायचं म्हणतात तेवढं द्यायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल.

यात कोणी वाईट माणूस नव्हता हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. पण ज्या बाईला पाणी भरायचं होतं तिला एक सकाळ शेजारी उभं राहून बघितलं असतं तर कळलं असतं.

जुळारी:

छपाईच्या लाइनमधला आहे, त्यामुळे पुठ्ठ्याच्या प्रिंटरची गोष्ट भिडली. माझ्याकडून अमेरिकेच्या २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीतली फ्लोरिडाची मतपत्रिका, नावासमोर भोक पाडून मत द्यायची. पाम बीच काउंटीत म्हाताऱ्या मतदारांची संख्या मोठी म्हणून अक्षर मोठं घेतलं, हेतू चांगलाच. पण मोठ्या अक्षरात दहा उमेदवार एका पानात मावेनात, म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकं मधल्या एकाच रांगेत. डावीकडे वरून दुसरं नाव अल गोर, पण दुसरं भोक उजवीकडच्या ब्यूकॅनन यांचं, गोर यांचं तिसरं. लेआउट करणाऱ्याला हे पानावर बघून कळत नाही, कारण तो पान बघतो, मतदार वाकून भोक शोधतो. ब्यूकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं, आजूबाजूचा कल बघता भलतीच जास्त, आणि सुमारे १९ हजार मतपत्रिकांवर दोन भोकं म्हणून बाद. बुश अख्खं राज्य ५३७ मतांनी जिंकले. दहा म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून एकदा ट्रायल घेतली असती तर एका दुपारचं काम होतं.

नवीन_सभासद:

सगळं वाचतेय, वाचनखूण साठवली. मी यातली नाही, सुरुवात कुठून करू?

कागदी_विमान:

स्वागत. क्षेत्र तुमचं असेल तिथून करा, बँक असो शाळा असो, त्यावरचं एक ऐका आणि लगेच दुसरं अगदी लांबच्या क्षेत्रातलं. मला एअर ट्रॅफिक कंट्रोलवरचं सगळ्यात उपयोगी पडलं आणि मी विमानतळावर कधी काम केलेलं नाही. वेंडी मॅके या संशोधक बाईंनी फ्रान्समध्ये कंट्रोलरांचं काम जवळून पाहिलं, प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची, सगळ्यांना वाटायचं हा जुनाट कागद जाऊन स्क्रीन आला पाहिजे. पण कंट्रोलर ज्या विमानाकडे लक्ष ठेवायचं त्याची पट्टी रांगेतून जराशी तिरकी बाहेर ओढून ठेवायचा, शेजाऱ्याला न बोलता कळायचं. आणि एक, लेक्चरनंतरची प्रश्नोत्तरं सोडू नका, फसलेलं काय ते बऱ्याचदा तिथेच बाहेर येतं.

रात्रपाळी:

त्या तिरक्या पट्टीवाल्या कंट्रोलरांना माझा नमस्कार सांगा, आमच्या मायक्रोपोरची सख्खी बहीण आहे ती. एक विचारायचं होतं, ड्युटी बदलताना किंवा ओटीतून पेशंट आयसीयूत येताना जो हँडओव्हर होतो, म्हणजे पेशंट आणि त्याची माहिती पुढच्यांच्या हाती सोपवणं, त्यावर कोणी काम केलंय का? आमचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथे.

भूल_आणि_जाग:

केलंय, आणि ते फार छान आहे. लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट, लहान मुलांचं हॉस्पिटल. हृदयाचं ऑपरेशन झालेलं बाळ आयसीयूत आणताना होणारा गोंधळ कमी करायला त्यांनी फेरारीच्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीच्या टीमची मदत घेतली, गाडी पिटमध्ये (शर्यतीत मधेच चाकं वगैरे बदलायला थांबायची जागा) आल्यावर एवढी माणसं सेकंदांत न धडकता काम कशी करतात ते बघायला. केन कॅचपोल आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास आहे. बदल काय केला, आधी फक्त यंत्रं, व्हेंटिलेटर मॉनिटर ट्यूब, प्रत्येकाचं ठरलेलं काम आणि त्या वेळी पेशंटबद्दलची चर्चा नाही. ते झालं की मग माहिती, एकाने सांगायची बाकीच्यांनी ऐकायची. मग शेवटी चर्चा आणि पुढचा प्लॅन. सूत्रं कोणाच्या हातात आहेत हे सगळ्यांना माहीत. एका हँडओव्हरमागे तांत्रिक चुका सरासरी ५.४२ होत्या त्या ३.१५ वर आल्या.

रात्रपाळी:

आमच्याकडे हे तिन्ही एकाच वेळी चालतं. ट्यूब लावता लावता डॉक्टर औषधं सांगत असतात आणि मी एका कानाने ऐकते, दुसऱ्या कानाने व्हेंटिलेटर. आधी यंत्रं मग बोलणं एवढं तरी आमच्या इन्चार्जना उद्या दाखवते, आणि कोणी हँडओव्हरच्या वेळी कोपऱ्यात उभं राहून लिहून घेतलं तर चालेल का तेही विचारते. भूल_आणि_जाग, तुम्ही ओटीच्या बाजूने हे कधी सुरू केलं असेल तर सर्जन लोकांना कसं तयार केलंत ते सविस्तर लिहाल का?